पानातली लदेणी

बाची जीप रात्री कधी सपाटीवर उभी राहत नसे. आमचा तांडा सेनगावच्या अलीकडे माळावर होता, आणि माळ खाली डांबरी रस्त्याकडे उतरत जायचा. त्या उतारावर, तोंड रस्त्याकडे करून आणि पुढच्या चाकांना दगड लावून बा गाडी झोपवायचा. झोपवायचा हा त्याचाच शब्द. थंडीत सकाळी ते डिझेलचं इंजिन मेल्यासारखं पडून असे. मग बा सीटवर, आणि मागे याडी, काका, शेजारचं जे कोणी तोंड धूत उभं असेल ते आणि मी. दगड काढले की गाडी घरंगळायला लागायची, खालच्या बाभळीपर्यंत पोचायच्या आत बाने क्लच सोडायचा, गाडी हिसका देऊन खोकायची आणि सगळ्या माळावर धुराचा वास पसरायचा. बाभळीपर्यंत खोकली नाही, तर मात्र तीच गाडी आम्ही सगळ्यांनी मिळून पुन्हा वर ढकलत आणायची. त्या वेळी याडी बाच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची आणि तिच्या दंडातल्या पांढऱ्या बलिया, म्हणजे आमच्याकडच्या बांगड्या, एकमेकींवर आपटून तिला साथ द्यायच्या. गाडी खाली आपोआप जाते, वर न्यायला कोणीतरी लागतं, एवढं विज्ञान मला शाळेचं तोंड बघायच्या आधीपासून येत होतं. पुढे माझं जे भांडण झालं ते खरं तर एवढ्याच गोष्टीवरून झालं.

घरी आम्ही गोरमाटी, आमची बंजारा बोली, बोलायचो. आईला याडी, वडलांना बा. इथे मी त्यांचं बोलणं मराठीत लिहिते आहे. त्यातली चव थोडी कमी होते, त्याला इलाज नाही. बाहेरच्या माणसांशी मात्र सगळे बाजारातली मराठी बोलायचे, हिंगोलीत गेलं की त्यात हिंदी मिसळायची. घरात आणखी होते माझे आजोबा, म्हणजे दादा. ते एकेकाळी तांड्याचे नायक होते आणि नायकपद सोडलं तरी आवाज सोडला नव्हता. थंडीत ते चुलीपुढून हलायचे नाहीत. याडी मिठाच्या पाण्यात तुरीच्या ओल्या शेंगा उकडायची, भाकरी थापायची, आणि दादा शेंगा सोलत लदेणीच्या गोष्टी सांगायचे. लदेणी म्हणजे बैलांच्या पाठीवर गोण्या लादून मुलूखभर माल नेण्याचा आमच्या लोकांचा जुना धंदा. जाताना मीठ, येताना धान्य, वाट तीच. दादांनी स्वतः लदेणी कधी केली नव्हती, त्यांच्या आजाने केली होती. पण सांगताना असं सांगायचे की जणू कालच पाठीवरची गोणी उतरवून आले आहेत. घरात त्या काळातली एकच वस्तू उरली होती, पुढच्या बैलाच्या कपाळावर बांधायचा कवड्यांचा पट्टा. तो भिंतीवर खिळ्याला असायचा आणि कुणी दार आपटलं की खुळखुळायचा.

दहावीनंतर मी सायन्सला गेले. आमच्या तांड्यातून सायन्सला जाणारी मी पहिली मुलगी, असं आता सत्कारात सांगतात. तेव्हा कोणी सत्कार केला नाही. काकांनी बाला वेड्यात काढलं, याडीने विचारलं की शिकून बेडूकच चिरायचे असतील तर ते घरी चिरता येत नाहीत का. बा फार बोलणारा माणूस नव्हता. त्याने अट घातली. तो जीपने हिंगोलीपर्यंत सवाऱ्या न्यायचा, आणि त्या जीपमध्ये ड्रायव्हरच्या शेजारची, खिडकीकडची जागा ही सगळ्यांत मानाची. ती रोज माझ्यासाठी राखायची, त्या जागेवर बसून मी हिंगोलीला कॉलेजात जायचं. पण एका विषयात जरी गचकले तरी ती सीट सवारीला जाणार आणि मी घरी. पुढचं काय ते सगळ्यांना ठाऊक होतं. कळमनुरीकडचं एक स्थळ दोनदा येऊन चहा पिऊन गेलं होतं आणि बारावीच्या निकालानंतर तिसऱ्यांदा येणार होतं. बारावी निघाली तर औरंगाबाद, नाही निघाली तर कळमनुरी. माझं सगळं आयुष्य त्या एका सीटवर बसलेलं होतं असं म्हटलं तरी चालेल.

कॉलेजात जीवशास्त्राला शेख सर होते. कळमनुरीच्या जुन्या घराण्यातले, उंच, किडकिडीत, बोलायला इतके हळू की मागच्या बाकावर फक्त त्यांचे ओठ पोचायचे. अकरावीत त्यांनी मला पाण्यातलं गवत आणायला सांगितलं, हायड्रिला नावाचं. आमच्या पाझर तलावात ते इतकं माजलेलं की म्हशींच्या शिंगांना लटकायचं. मी तांब्याभर पाण्यात त्याच्या काड्या घालून नेल्या. सरांनी एक पान खुडलं, काचेवर ठेवलं, वर पाण्याचा थेंब, त्यावर पातळ काच, आणि मला म्हणाले, बघ. मायक्रोस्कोप आरशाचा होता, खिडकीतून येईल तेवढाच उजेड. आधी नुसत्या विटा दिसल्या, हिरव्या विटांची भिंत. मग नजर बसली आणि एका विटेच्या आत हिरवे दाणे दिसले. ते चालत होते. मी दचकून डोळा काढला, पुन्हा लावला. चालतच होते. कडेकडेने, एकामागे एक, कोपऱ्यावर वळून परत, पुन्हा त्याच वाटेने. त्या पानाला ना वारा लागत होता ना कोणी हलवत होतं. शेजारच्या विटेतले दाणेही चालत होते. अख्खं पान आतून चालत होतं आणि बाहेरून ते नुसतं एक ओलं पान होतं. म्हशींच्या शिंगांवर हे रोज लटकत होतं आणि मला कोणी सांगितलं नव्हतं, याचा मला पहिल्यांदा रागच आला.

सरांना विचारलं, यांना कोण चालवतं. ते म्हणाले, आतला रस वाहतो, त्याच्याबरोबर दाणे वाहतात. मी म्हटलं, सर, वाहायला उतार लागतो. हे तर फिरून जिथल्या तिथं येतंय, इथं उतार कुठाय? वर्ग हसला. शेख सर हसले नाहीत. त्यांनी पुस्तक उघडून पाहिलं, मिटलं, आणि हळू आवाजात म्हणाले, किताबात एवढंच हाय, जमना. संध्याकाळी चुलीपुढे मी हे सांगितलं तेव्हा दादांना क्षणभरही विचार करावा लागला नाही. लदेणी हाय ती, म्हणाले. वाट तीच, जाणं तेच, येणं तेच. याडी म्हणाली, म्हाताऱ्याला भाकरीतही लदेणी दिसते. पण माझ्या डोक्यात ते घट्ट बसलं. दुसऱ्या दिवशी मी वर्गात तो शब्द वापरला आणि बारावी होईपर्यंत पोरं मला लदेणीच म्हणत राहिली. हाक मारली की मी ओ द्यायचे. चिडले असते तर त्यांना मजा वाटली असती, आणि ती मजा मी त्यांना का द्यावी?

थंडी पडल्यावर एक गंमत झाली. सरांसाठी ते गवत मी अधूनमधून नेतच होते, आणि तो भरलेला तांब्या एकदा रात्रभर अंगणातच राहिला. सकाळी गडबडीत तो गाडीच्या मागच्या सामानात टाकला, तसाच गार. कॉलेजात पान काचेखाली ठेवलं तर सगळे दाणे जागच्या जागी. मेले असं सगळ्यांना वाटलं. मला मात्र पटेना, कारण पान ताजं होतं, हिरवंगार. मी काच घेऊन बाहेर उन्हात गेले, तळहातावर धरून बसले, परत येऊन पाहिलं. आधी एक दाणा कचरत सरकला, मग त्याच्या मागचा, आणि थोड्या वेळाने सगळी रांग चालू. तेव्हापासून थंडीत मी तांब्या जीपमध्ये माझ्या पायांपाशी, इंजिनाच्या गरम पत्र्याला टेकून ठेवायला लागले. फार तापू द्यायचा नाही, बोट घालून बघायचं. सेनगाव, मग हिंगोली, प्रत्येक थांब्यावर सवाऱ्या चढायच्या उतरायच्या, कोंबड्या, पोती, लेकरं, आणि माझ्या पायांशी तांब्यात पान उबेला बसलेलं. एका म्हातारीने एकदा तो पाण्याचा तांब्या समजून तोंडाला लावला. तिने मला ज्या शिव्या दिल्या त्या मी इथे लिहीत नाही.

आता हे सगळं मी मुलांना शिकवते, तेव्हा पडद्यावर चित्रं दाखवते. पेशीच्या आत बारीक बारीक तंतूंचे रस्ते ताणलेले असतात आणि त्यांवरून काही प्रथिनं चक्क चालतात. पाय टाकत चालतात, एक पाऊल रोवायचं, दुसरं उचलायचं, आणि पाठीवर ओझं. पानात चालतात ते मायोसिन. आपल्या नसांमध्ये दुसरी जात आहे, काइनेसिन, मज्जारज्जूपासून पायाच्या बोटापर्यंत माल वाहणारी. आणि परत येणारा माल वाहायला तिसरी, डायनिन. प्रत्येक पावलाला त्यांना दाणापाणी लागतं, एटीपी नावाचं. गारठ्यात त्यांची चाल मंदावते. त्या काळी मोठ्या ठिकाणच्या लोकांना हे माहीत झालं होतं. हिंगोलीच्या पुस्तकात अजून आलेलं नव्हतं, एवढाच काय तो फरक.

बारावीची प्रॅक्टिकल परीक्षा थंडी सरता सरता आली, पण त्या वर्षी थंडीने जाताना मागे वळून पाहिलं. सकाळी वीज गेलेली. आमची लॅब उत्तरेकडची, दगडी, उन्हाचा एक कवडसा यायचा नाही. परीक्षेत घरून काही आणायचं नाही असा नियम, त्यामुळे पानं आली ती कॉलेजच्या मागच्या सिमेंटच्या टाकीतली, गारेगार. बाहेरचे परीक्षक आले होते. पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं, आणि घाई. मला जे टेबल आलं त्यावर हेच होतं, पानातल्या पेशीची हालचाल पाहा, आकृती काढा, कारण लिहा. मी डोळा लावला. सगळे दाणे ठप्प. मला त्याचं नवल वाटलं नाही. मी हात वर करून म्हटलं, सर, पान गार आहे, पाच मिनिटं उन्हात नेऊ का? परीक्षक म्हणाले, जागा सोडायची नाही, आकृती काढ. माझ्या दोन्ही बाजूंना तोच प्रयोग होता. त्या दोघांनी गाईडमधली आकृती काढून झपाझप बाण मारले, इकडून तिकडे, तिकडून इकडे. मला बाण काढायला काय लागत होतं? पेन्सिलीचे चार फटकारे. पण समोर दाणे उभे होते आणि मी बाण काढावेत हे माझ्या हाताला जमेना. मी बिनबाणांची आकृती काढली आणि खाली माझ्या मोडक्या इंग्रजीत लिहिलं की गारठ्याने थांबले आहेत, ऊब दिली की चालतील. कारणाच्या जागी लिहिलं की दाणे वाहत नाहीत, त्यांना कोणीतरी वाहून नेतं. वाहून नेणाऱ्यांच्या रांगेला इंग्रजीत काय म्हणतात ते मला येत नव्हतं, म्हणून तिथे देवनागरीत लिहिलं, लदेणी.

परीक्षक तोंडी परीक्षेला माझ्यापाशी आले. कागद पाहिला.

"बाण कुठे आहेत?"

"हालचाल दिसली नाही सर."

"सगळ्यांना दिसली."

"सगळ्यांनी गाईडात बघितली."

मग त्यांची नजर खालच्या शब्दावर गेली. हे काय, म्हणून त्यांनी विचारलं. मी सांगितलं. ते हसले, आणि मागे उभ्या असलेल्या शेख सरांकडे वळून म्हणाले की तांड्यावरच्या पोरी सायन्सला घेतल्या की असंच होणार, यांना पानातसुद्धा बैल दिसतात. शेख सरांनी मान खाली घातली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हणाले, सर, दिसेल ते लिहायचं असं तुमच्याच कागदावर वर छापलंय. बाण दिसले नाहीत, ते मी काढले नाहीत, आणि रस नुसता वाहत असता तर गारठ्यात थांबला नसता, पाणी काही गोठलेलं नाही. थांबतो तो काम करणारा. एवढं मी एका दमात बोलले. परीक्षकांनी पेनाचं टोपण लावलं. ते उद्याही होते, दुसऱ्या तुकडीसाठी. उद्या बारा वाजायच्या आत उद्धटपणाबद्दल माफी लिहून आणायची आणि आकृती दुरुस्त करायची, मग गुण मिळतील, नाहीतर प्रॅक्टिकलात शून्य, असं त्यांनी सांगितलं.

संध्याकाळी बाच्या जीपमधून शेख सर आमच्या तांड्यावर आले. आमच्या घरी आलेले ते पहिले शिक्षक. याडीने त्यांना बाजेवर बसवलं, गुळाचा काळा चहा दिला, पुढे शेंगांची पाटी ठेवली. सर शेंग हातात धरून बसले, सोलायचं त्यांच्या लक्षात राहिलं नाही.

"दोन ओळी लिहून दे, जमना," ते म्हणाले. "गलती झाली म्हण. तू बराबर हाय का मी बराबर, ते नंतर बघू. साल वाया जाईल बेटा."

मी दादांकडे पाहिलं. माझी सगळी भिस्त त्यांच्यावर होती. तो शब्द त्यांचाच होता, आणि त्याच शब्दाला भर लॅबमध्ये हसले होते. दादा भिंतीवरच्या पट्ट्याकडे बघत बसले आणि म्हणाले, लिहून दे. वाटेत धोंडा आला तर आपली माणसं वळसा घालून जायची, धोंड्याशी डोकं आपटत बसायची नाहीत. याडीने मान हलवली. काका तर पहिल्यापासून तेच म्हणत होते. मला परीक्षकांचा आला नव्हता इतका राग त्या क्षणी दादांचा आला. शेंगा सोलताना रोज मुलूख जिंकणारा माणूस एका सदऱ्यापुढे वळसा घालायला सांगत होता. मी म्हणाले, मी माफी लिहिणार नाही, आणि कोणी माझ्या नावाने लिहिली तर मी ती फाडीन.

शेख सरांनी पुन्हा सुरुवात केली, किताबात नाही ते परीक्षेत कसं लिहायचं वगैरे. मी त्यांना थांबवलं. वडीलधाऱ्यांना मध्येच तोडायची आमच्यात पद्धत नाही, पण त्या दिवशी मी सगळ्याच पद्धती मोडत होते.

"सर, थंडीत बाची गाडी चालू होत न्हाई. मग तिच्यात इंजिनच न्हाई का? उद्या मी तांब्या घेऊन येते. पान चालतं का न्हाई ते त्यांनी बघावं. चाललं तर त्यांनी सही करावी. माफी काहून?"

बा चाकाचे दगड लावून येऊन दारात उभा होता. त्याने मला एवढंच विचारलं की उद्या किती वाजता निघायचं.

सकाळी मी तलावावर जाऊन ताज्या काड्या आणल्या. जीप बाभळीपाशी खोकली, आम्ही उड्या मारून आत बसलो. वाटेत मी दर थोड्या वेळाने तांब्यात बोट घालत होते. सेनगावला एका माणसाने विचारलं, ह्यात काय हाय? बा म्हणाला, परीक्षा हाय. हिंगोलीत पोचलो तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं आणि परीक्षक लॅबच्या बाहेर व्हरांड्यात खुर्ची टाकून चहा घेत होते. मी शेख सरांना म्हटलं, मायक्रोस्कोप बाहेर न्यायचा आहे. नियमाने तो लॅबबाहेर काढता येत नव्हता. सरांनी एकदा परीक्षकांकडे पाहिलं, आणि मग त्यांनी स्वतः, दोन्ही हातांनी, लेकरू उचलावं तसा तो उचलून आणला आणि व्हरांड्याच्या कठड्यावर ठेवला. काल सगळ्या वर्गासमोर खाली घातलेली मान त्यांनी अशी वर काढली, असं मला तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं. मी आरसा समोरच्या पांढऱ्या भिंतीकडे वळवला, पान लावलं, डोळा टेकवला. चालत होते. काय चालत होते म्हणून सांगू. बाजाराच्या दिवशी आमच्याकडच्या गोरेगावला जशी गर्दी लोटते तसे.

"सर, बघा," मी म्हणाले.

परीक्षकांनी कप बशीत ठेवला. मी तुझ्या जन्माआधीपासून हे बघतोय, म्हणाले. मी म्हटलं, मग आणखी एकदा बघायला काय हरकत आहे. ते जागचे उठले नाहीत. दुसऱ्या तुकडीची पोरं मात्र जमली. एकेकाने वाकून पाहिलं. मला लदेणी म्हणून सगळ्यांत जास्त चिडवणारा एक जण होता, तो सगळ्यांत जास्त वेळ वाकून राहिला, आणि वर बघून म्हणाला, चालून राहिले की खरंच. मग शेख सरांनी पाहिलं. ते पाहतच राहिले. परीक्षकांच्या खुर्चीपासून कठडा दोन हातांवर होता. नुसतं पुढे झुकले असते तरी दिसलं असतं.

"माफी आणलीस का?" त्यांनी विचारलं.

"न्हाई. आणि आणणारबी न्हाई."

त्यांनी घड्याळ पाहिलं आणि पुढच्या मुलाला आत बोलावलं.

पुढे औरंगाबाद झालं, पुणं झालं. पुण्यात एका प्रयोगशाळेत मी अंधाऱ्या खोलीत बसून पहिल्यांदा ते उघड्यावर पाहिलं. काचेवर मायोसिन चिकटवलेले, त्यांच्यावर चमकते तंतू सोडलेले, आणि दाणापाणी घातल्याबरोबर ते हजारो हात तंतूंना पुढे पुढे सरकवायला लागलेले. कोणी वाहत नव्हतं, उतार नव्हता. माझ्या शेजारी बसलेल्या मुलीला वाटलं मला खोकला आला आहे. मी रडत होते, आणि ते रडणं रागाचं होतं. न्याय करायचा तर एवढं लिहिलं पाहिजे की मीही पुरती बरोबर नव्हते. पानातले ते हिरवे दाणे बहुतेक स्वतः चालत नाहीत; चालणारे दुसरेच असतात, डोळ्यांना न दिसणारे, आणि त्यांच्या चालण्याने रस ओढला जातो आणि रसाबरोबर दाणे. म्हणजे वाहणंही खरं आणि वाहून नेणंही खरं. पण ज्याने डोळाच लावला नाही, त्याला माझी चूक काढायचा हक्क मी आजही देत नाही. आता मीच बाहेरची परीक्षक म्हणून कॉलेजांत जाते. पिशवीत कोमट पाण्याचा थर्मास असतो. ज्या मुलीने बाण काढलेले नसतात तिच्यापाशी मी आधी जाते.

त्या वर्षी निकाल लागला तेव्हा सगळे विषय निघाले होते, जीवशास्त्र सोडून. बा हिंगोलीहून निकाल घेऊन आला, याडीच्या हातात कागद दिला, जणू तिला वाचता येत होतं, आणि हात धुवायला गेला. अट सगळ्यांना पाठ होती. काकांनी फक्त एवढंच म्हटलं की कळमनुरीला निरोप धाडायला पाहिजे. दादा चुलीपुढे बसून होते. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि वळसा हा शब्द काढला नाही, एवढे उपकार केले.

दुसऱ्या दिवशी मी उठले, पण तयार झाले नाही. कुठे जायचं होतं? थंडी केव्हाच संपली होती, गाडी धक्क्याशिवाय चालू झाली. मी दारात उभी राहून बघत होते. गोरेगावकडून रात्री तांड्यात पाहुणा आलेला एक माणूस, फेटा बांधून, पिशवी घेऊन, पुढचं दार उघडून माझ्या जागेवर बसायला लागला. बाने त्याला हाताने अडवलं.

"मागं बसा पाव्हणं. ती सीट भरलेली हाय."

"रिकामीच तर हाय की."

"न्हाई," बा म्हणाला. "ती येऊन राहिली."

त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. इंजिन चालू ठेवून, दोन्ही हात स्टिअरिंगवर टाकून तो समोर रस्त्याकडे बघत बसला. याडीने मागून माझ्या हातात तांब्या दिला. तो रिकामा होता, ऑक्टोबरच्या परीक्षेला अजून कितीतरी अवकाश होता, पण मी तो घेतला आणि वेणीसुद्धा न घालता उतारावरून धावत सुटले.